यंत्राचा डोळा आणि त्याचे द्वारपाल

दूरच्या माणसाचा आवाज घरांत बसून ऐकावा, या गोष्टीचें आतां कोणासही नवल वाटत नाहीं. त्याचें मुखही त्याच क्षणीं पाहावें, हेंही अलीकडे नित्याचें झालें आहे. ठाण्याचे किंवा नाशिकचे आजोबा रविवारीं सकाळीं लॅपटॉप उघडतात, आणि सिॲटल येथें शनिवारची रात्र असतां तेथील नात त्यांच्यासमोर येऊन बसते. बोलणें सुरू होतें, नातीचा चेहरा स्वच्छ दिसतो. परंतु नातीला मात्र आजोबांच्या जागीं एक काळा चौकोन दिसतो, आणि त्या चौकोनांत त्यांच्या नांवाचें आद्याक्षर.

अशा वेळीं घरांत जो उपचार होतो तो बहुधा ठरलेला असतो. कोणी म्हणतें, इंटरनेट मंद आहे. कोणी यंत्र बंद करून पुन्हां चालू करावयास सांगतें. कोणी ॲपच काढून टाकून नव्यानें घालतें. यांपैकीं दुसरा उपाय कधीं कधीं लागू पडतो; पण तो कां लागू पडला हें कोणास उमगत नसल्यामुळें पुढच्या रविवारीं तोच प्रसंग पुन्हां उभा राहतो. वास्तविक ज्या जोडणीवरून नातीचा चेहरा आजोबांपर्यंत येत आहे, ती जोडणी निकामी नाहीं हें उघड आहे. आणि आजोबांच्या पडद्याच्या कोपऱ्यांत त्यांची स्वतःची जी लहानशी प्रतिमा दिसावयास पाहिजे, ती तर इंटरनेटवरून येतच नाहीं. तीही काळी असेल, तर दोष घराबाहेर शोधण्याचें कारणच उरत नाहीं.

कॅमेऱ्याच्या भिंगापासून समोरच्या माणसाच्या पडद्यापर्यंत जी वाट जाते, तिच्यावर एकच दार नसून अनेक दारें आहेत, आणि प्रत्येक दारावर निराळा द्वारपाल उभा आहे. भिंगावरचें झांकण, संगणकाची कार्यप्रणाली, ब्राउझर, संभाषणाचें ॲप, आणि यंत्र कचेरीचें असल्यास तेथील संगणक-विभाग, असे हे मानकरी. एकानें सोडलें म्हणजे दुसरा सोडतोच असें नाहीं. आणि कोणी अडविलें तें नीट सांगण्याचें सौजन्य त्यांच्यांत क्वचितच आढळतें.

पूर्वीं अशी स्थिति नव्हती, कारण पूर्वीं यंत्र एकाच मालकाचें असे. ७ एप्रिल १९२७ रोजीं अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेनें वॉशिंग्टनहून हर्बर्ट हूव्हर यांचें मुख न्यूयॉर्क येथें दाखविलें. हूव्हर यांना मात्र पलीकडचें कोणी दिसत नव्हतें. १ मार्च १९३६ रोजीं जर्मनींत बर्लिन व लाइपझिग या शहरांमध्यें टपालखात्यानें सार्वजनिक चित्र-टेलिफोन सुरू केला. पुढें ३० जून १९७० रोजीं पिट्सबर्ग येथें ए. टी. अँड टी. या कंपनीनें महिना १६० डॉलर भाड्यानें 'पिक्चरफोन' देऊं केला, आणि तो घेणारे गिऱ्हाईक फारसें मिळालें नाहीं. या सर्व प्रयत्नांत भिंग, तार, पडदा, सर्व कांहीं एकाच हाताखालीं होतें. यंत्र बिघडलें तर कोणास बोलवावें, हा प्रश्नच नव्हता. आजच्या लॅपटॉपमध्यें भिंग एका कारखान्याचें, कार्यप्रणाली दुसऱ्या कंपनीची, ब्राउझर तिसऱ्याचा आणि संभाषणाचें ॲप चौथ्याचें, असा प्रकार असतो. सोय फुकट किंवा अल्प मोलांत मिळते, परंतु जबाबदारी वांटली जाते.

आतां इतके द्वारपाल नेमण्याची गरज तरी काय, असें कोणी विचारील. ही नेमणूक उगीच झालेली नाहीं. फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियन या शाळा-मंडळानें आपल्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले होते. चोरीस गेलेलें यंत्र शोधतां यावें म्हणून त्यांत एक प्रणाली बसविलेली होती, आणि तिच्या द्वारें घरीं बसलेल्या मुलांचीं चित्रें टिपलीं जात असल्याचें २०१० सालीं उघडकीस आलें. चौकशींत अशीं छायाचित्रें व पडद्याच्या प्रतिमा मिळून पन्नास हजारांहून अधिक निघाल्या, आणि मंडळास ६,१०,००० डॉलर देऊन दावा मिटवावा लागला. कॅमेरा चालू झाला कीं शेजारचा दिवा लागतो, हाच काय तो पुष्कळांचा भरंवसा. पण २०१३ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील संशोधकांनीं २००८ पूर्वींच्या कांहीं मॅक संगणकांवर दिवा न लावतां कॅमेरा चालवून दाखविला. २०१९ च्या जुलै महिन्यांत झूमच्या मॅकवरील ॲपांत असा दोष उघड झाला कीं, एखाद्या पानावर नुसतें गेल्यानें मनुष्य कॅमेऱ्यासह एखाद्या सभेंत ओढला जाऊं शके. आणि ॲप काढून टाकलें तरी त्याचा एक भाग यंत्रांत मागें राहून तें पुन्हां बसवूं शके. तो भाग ॲपल कंपनीनें स्वतः अद्ययावत सूचना धाडून यंत्रांतून काढून टाकिला. हें सर्व ध्यानांत घेतां, परवानगीची कटकट ही कोणा कारकुनाची हौस नव्हे, हें मान्य करावें लागेल. कटकट आहे ती ही, कीं ही परवानगी अनेक ठिकाणीं निरनिराळी द्यावी लागते आणि ती कोठें कोठें, याचा पत्ता साध्या माणसाला कोणी दिलेला नाहीं.

शोधाचा आरंभ संभाषणाच्या ॲपांतून करूं नये. प्रथम कॅमेरा जिवंत आहे कीं नाहीं तें पाहावें. विंडोजमध्यें 'कॅमेरा' नांवाचें आणि मॅकमध्यें 'फोटो बूथ' नांवाचें ॲप मूळचेंच असतें. तें उघडलें आणि त्यांत चेहरा दिसला, तर भिंग, तार व त्यांना चालविणारी प्रणाली हीं सर्व निर्दोष ठरतात. अर्धें काम तेथेंच झालें. तेथेंही काळोखच दिसला, तर डोळ्याला डोळा लावून खुद्द भिंग पाहावें. पुष्कळ लॅपटॉपांना भिंगावर सरकतें झांकण असतें, आणि तें इतकें बारीक असतें कीं पुसतांना बोटानें सरकलें तरी कळत नाहीं. कांहीं यंत्रांच्या कळफलकावर वरच्या रांगेंत कॅमेऱ्यावर काट मारलेलें चित्र असलेली एक कळ असते. ती चुकून दाबली गेली म्हणजे कांहीं यंत्रांत संगणकाला जणूं कॅमेराच नाहीं असें होऊन बसतें. आणि आपल्याकडील घरांचें म्हणावें तर, भिंगावर टिकली लावून ठेवण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणीं दिसतो. उपाय स्वस्त आहे व बराच खात्रीचाही आहे. फक्त ती लावणारी सून व बोलावयास बसणारे सासरे यांच्यांत वार्तेची देवघेव असावी. जाड झांकण चिकटवून मॅकबुक मिटल्यास पडदा तडकूं शकतो, म्हणून साध्या कागदाहून जाड, म्हणजे ०.१ मिलिमीटरहून अधिक, कांहीं लावूं नये असें ॲपलनें २०२० सालीं कळविलें होतें. टिकलीचा गोंद भिंगावर राहून चित्र धूसर होतें, हाही एक पदर त्याला आहे.

कॅमेरा जिवंत असून संभाषणाच्या ॲपाला तो मिळत नाहीं, असें ठरलें म्हणजे गोष्ट परवानगीवर आली. विंडोज ११ मध्यें 'सेटिंग्ज' उघडून 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' आणि त्यांतील 'कॅमेरा' येथें गेलें असतां एक पान दिसतें. या पानावर एकाखालीं एक अशा खटक्यांच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वरचा खटका संपूर्ण यंत्राचा आहे. तो बंद असेल तर खालचे सर्व व्यर्थ. दुसरा सर्व ॲपांचा, आणि त्याखालीं मायक्रोसॉफ्टच्या दुकानांतून घेतलेल्या ॲपांचीं नांवें एकेका खटक्यासह. मनुष्य या यादींत झूमचें किंवा क्रोमचें नांव शोधतो, तें त्यास सांपडत नाहीं, आणि तो निराश होऊन पान बंद करतो. घोटाळा होतो तो येथेंच. कारण थेट संकेतस्थळावरून उतरवून घेतलेलीं ॲपें 'डेस्कटॉप ॲप' या निराळ्या जातीचीं समजलीं जातात, व त्यांचा खटका त्याच पानाच्या अगदीं तळाशीं आहे. हा तिसरा खटका शोधावयास कोणी सांगितलेलें नसतें, आणि पुष्कळांचा रविवार त्याच्यापायीं वायां गेलेला असतो.

मॅकची तऱ्हा निराळी. २०१८ सालच्या मोहावी या आवृत्तीपासून तेथें प्रत्येक ॲपाला कॅमेऱ्यासाठीं परवानगी मागावी लागते. पण हा द्वारपाल मानी आहे, तो एकदांच विचारतो. पहिल्या वेळीं घाईंत 'नको' म्हटलें कीं तो प्रश्न तें ॲप पुन्हां पुढें आणूं शकत नाहीं. ॲप नुसतें काळा चौकोन दाखवीत राहतें. मग 'सिस्टिम सेटिंग्ज' मध्यें जाऊन, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खालीं 'कॅमेरा' या यादींत त्या ॲपासमोरचा खटका आपल्या हातानें फिरवावा लागतो. तो फिरविल्यावर ॲप संपूर्ण बंद करून पुन्हां उघडावें. केवळ खिडकी मिटविल्यानें मॅकवर ॲप बंद होत नाहीं.

ब्राउझरांतून बोलणाऱ्यांना दोन परवान्यांची गरज असते. कार्यप्रणालीनें ब्राउझरला दिलेला एक, व ब्राउझरनें त्या विशिष्ट संकेतस्थळाला दिलेला दुसरा. पहिला असून दुसरा नसला, अथवा उलट झालें, तरी फळ एकच. हा दुसरा परवाना पत्त्याच्या पट्टींत, डावीकडील किंवा उजवीकडील लहानशा चिन्हावर टिचकी मारली असतां दिसतो व बदलतां येतो. येथें एक गोष्ट ब्राउझर चांगली करतात. कॅमेरा मिळाला नाहीं, तर कां मिळाला नाहीं याचीं कारणें वेबच्या नियमांत नांवानिशीं ठरविलेलीं आहेत, आणि कांहीं ॲपें तीं नांवें जशींच्या तशीं पडद्यावर दाखवितात. 'नॉट फाउंड' असें आलें तर यंत्राला कॅमेराच दिसत नाहीं. झांकणाची कळ, तार, यूएसबीचें भोंक तपासावें. 'नॉट अलाउड' आलें तर परवानगी नाकारलेली आहे. यंत्र उघडून पाहण्यांत अर्थ नाहीं. आणि 'नॉट रीडेबल' आलें तर कॅमेरा आहे, परवानगीही आहे, पण तो हातीं येत नाहीं. बहुधा दुसऱ्या कोणीतरी तो धरून ठेविला आहे. इंग्रजी वाक्य आलें कीं तें न वाचतां पुसून टाकण्याची जी संवय घरोघर आहे, ती या बाबतींत फार महाग पडते. त्या दोन शब्दांचें मोबाईलवर छायाचित्र घेऊन ठेविलें तरी जाणत्या माणसाचें निम्में काम होतें.

दुसऱ्यानें धरून ठेवणें हा प्रकार विशेषतः विंडोजमध्यें आढळतो. सकाळीं मुलाचा वर्ग एका ॲपांत झाला, तें ॲप पूर्ण बंद न होतां घड्याळाशेजारच्या कोपऱ्यांत जाऊन बसलें, आणि कॅमेरा त्याच्याच मुठींत राहिला. दुपारीं आईची सभा दुसऱ्या ॲपांत सुरू झाली, तर तिला काळोख. यंत्र बंद करून चालू केल्यानें गुण येतो तो कां, याचें उत्तर पुष्कळदां हेंच असतें: मूठ सुटते. ही अडचण दूर व्हावी म्हणूनच मायक्रोसॉफ्टनें २०१६ च्या ऑगस्टमधील विंडोज १० च्या मोठ्या सुधारणेंत एक मध्यस्थ बसविला, जेणेंकरून एकच चित्र अनेक ॲपांना वांटतां यावें. परंतु हें करतांना कॅमेऱ्याकडून आकसून येणारें चित्र तसेंच ॲपाला देणें बंद झालें, आणि जीं ॲपें तेंच मागत होतीं त्यांच्यांतील चित्र गोठूं लागलें. जगभर उत्तम चालणारे कॅमेरे एका रात्रींत आजारी पडले, आणि कंपनीला आपली सुधारणा पुन्हां सुधारावी लागली.

चित्र आकसून पाठवावें लागतें याचें कारण साधें अंकगणित आहे. १२८० बाय ७२० ठिपक्यांचें चित्र, प्रत्येक ठिपक्यास २ बाइट, आणि सेकंदास ३० चित्रें, असा हिशेब केला तर सेकंदास सुमारें ५.५ कोटी बाइट, म्हणजे ४४ कोटी बिट होतात. यूएसबीच्या २.० या जुन्या पण अद्याप सर्वत्र आढळणाऱ्या जातीची कमाल क्षमता सेकंदास ४८ कोटी बिट, आणि प्रत्यक्षांत तीहि पुरी हातीं येत नाहीं. त्याच जोडावर एक फुकटी पाटी, तिच्यावर एक छपाईयंत्र, एक बाह्य तबकडी आणि हा कॅमेरा असे सर्व टांगले, म्हणजे कॅमेरा मधूनच नाहींसा होतो यांत आश्चर्य नाहीं. बाहेरचा कॅमेरा शक्य तों थेट यंत्राला जोडावा.

निवड चुकल्याचेंही एक ठाणें वाटेंत आहे. लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडून त्याचें पान मिटून ठेविलें असेल, तर आंतला कॅमेरा आपल्याच कळफलकाकडे पाहत बसलेला असतो. कोठल्याशा ॲपानें एखादा कल्पित कॅमेरा यंत्रांत बसविलेला असला, तर संभाषणाचें ॲप त्याच्याकडून चित्राची वाट पाहत राहतें. प्रत्येक ॲपांत 'व्हिडिओ' या सदराखालीं कॅमेऱ्यांची यादी असते. ती एकवार उघडून पाहण्यास अर्धें मिनिट पुरतें. कांहीं विषाणुरोधक ॲपेंही कॅमेऱ्याचें रक्षण करण्याचें काम आपणाकडे घेतात, आणि मालकालाही परका समजतात. आणि कचेरीच्या यंत्रावर खटका फिकट होऊन हलेनासा झाला, तर तो कचेरीनें बांधून ठेविलेला आहे असें समजावें व तेथील संगणक-विभागाकडे जावें. त्याच्याशीं झोंबी घेण्यांत कांहीं पुरुषार्थ नाहीं.

मोबाईलवर प्रकार थोडक्यांत आटोपतो, तरी एक गंमत सांगण्यासारखी आहे. अँड्रॉइडच्या ११ व्या आवृत्तीपासून, जें ॲप कित्येक महिने उघडलें गेलें नाहीं त्याची परवानगी यंत्र आपण होऊन काढून घेतें. त्यामुळें दिवाळीला एकदां आणि वाढदिवसाला एकदां बोलणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळीं गेल्या खेपेस सर्व ठीक होतें हें पक्कें आठवतें, आणि तें खरेंही असतें. १२ व्या आवृत्तींत वरून ओढून घेण्याच्या खटक्यांमध्यें संपूर्ण कॅमेरा बंद करण्याचा एक खटका ठेवतां येतो. लहान मुलांच्या हातीं मोबाईल गेला कीं तो आधीं दाबला जातो.

नातीचें बोलणें अर्धा तास लांबलें तर फारसें बिघडत नाहीं. परंतु ९ जानेवारी १९२० पासून नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनीं, ९ जानेवारी २०२० पासून, रिझर्व्ह बँकेनें खातेदाराची ओळख चित्रसंभाषणानें पटविण्यास बँकांना मुभा दिली आहे; त्या वेळीं कॅमेरा व स्थळदर्शन या दोहोंची परवानगी लागते, आणि ती न मिळाल्यास काम खोळंबतें. न्यायालयांतील सुनावण्या, परदेशी शिक्षणाच्या मुलाखती, नोकरीच्या मुलाखती यांची वेळ तर पलीकडच्यानें ठरविलेली असते. अशा कामाच्या आदल्या दिवशीं, त्याच यंत्रावर, त्याच ॲपांत, घरांतीलच दुसऱ्या माणसाला बोलावून एकदां पाहून घ्यावें. त्या दिवशीं सकाळीं यंत्राला नवी सुधारणा घेऊं देऊं नये.

याच घाईच्या वेळीं दुसरा धोका दार ठोठावतो. कॅमेरा चालेना म्हणून मनुष्य इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतो, पलीकडचा गोड आवाज एक ॲप उतरवून घ्यावयास सांगतो, आणि त्या ॲपाच्या द्वारें सारा पडदा परक्याच्या स्वाधीन होतो. ॲनीडेस्क या दुरून यंत्र चालविण्याच्या ॲपाचा असा दुरुपयोग होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेनें २०१९ च्या फेब्रुवारींत बँकांना दिला होता. ॲप स्वतः प्रामाणिक आहे, वापरणारा तसा असतोच असें नाहीं. कॅमेऱ्याचा एकही बिघाड असा नाहीं कीं ज्यासाठीं बँकेचा सांकेतिक अंक किंवा कार्डावरचा क्रमांक सांगावा लागावा. आणि याच्या उलट, पोलिसाचा वेष केलेला कोणी चित्रसंभाषणांतून 'कॅमेरा बंद करूं नका, तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे' असें दरडावूं लागला, तर तेथें मात्र कॅमेरा तत्काळ मिटावा. अशी अटक भारतीय कायद्यांत कोठेंही नाहीं. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तितक्याच तत्परतेनें कळवावें.

गडबडींत दिलेल्या परवानग्या मागाहून पाहून घेण्याची सोयही त्याच पानावर आहे. विंडोज ११ मध्यें कॅमेऱ्याच्या पानावर 'रिसेंट ॲक्टिव्हिटी' या ओळीखालीं गेल्या सात दिवसांत कोणत्या ॲपानें केव्हां कॅमेरा उघडला, त्याची नोंद असते. अँड्रॉइड १२ मध्यें 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' मध्यें अशीच गेल्या चोवीस तासांची नोंद मिळते. त्यांत एखादें नांव असें निघतें कीं तें घरांत कोणी आणलें हें कोणालाच आठवत नाहीं. त्याच्या समोरचा खटका बंद केला, तर नातीच्या संभाषणाला कांहीं बाध येत नाहीं.